पेरू नावाच्या गावात एक शुक्रवार

तर झालं असं की आई सहा महिन्यांसाठी टोरंटोला आली आणि फेब्रुवारीत तिला बर्फाचा इतका कंटाळा आला की रोज सकाळी खिडकीतून बाहेर बघून "अजून आसाच काय ह्यां?" एवढंच म्हणायची. बर्फ म्हणजे जणू न सांगता येऊन राहिलेला पाहुणा. शेवटी बायको म्हणाली, चला कुठेतरी ऊन असेल तिथे जाऊ. टोरंटोहून ग्रेनेडाला थेट विमान जातं, पाच-साडेपाच तासांत पोचतो, म्हणून ग्रेनेडा. बाबांना मालवणात फोन करून सांगितलं तर ते म्हणाले अरे वा, स्पेन! म्हटलं बाबा ते ग्रॅनाडा, हे ग्रेनेडा, वेस्ट इंडिजमधलं. "मग सरळ वेस्ट इंडिज सांग मा," म्हणाले आणि खूष झाले, कारण त्यांच्या मते वेस्ट इंडिज हा एकच देश आहे आणि तिथे सगळे फास्ट बॉलर राहतात.

देश केवढा? ३४४ चौरस किलोमीटर. आपला सिंधुदुर्ग जिल्हा ५२०७ आहे, म्हणजे एका जिल्ह्यात असे पंधरा ग्रेनेडा मावतील. झेंडा आहे, पंतप्रधान आहे, टेस्ट मॅचचं स्टेडियम आहे, आणि झेंड्यावर चक्क जायफळ आहे, खरंच, १९७४ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हापासून झेंड्याच्या डाव्या बाजूला हिरव्या त्रिकोणात फुटलेलं जायफळ काढलेलं असतं. आईला दाखवलं तर तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "बरां काढलानी."

आम्ही राजधानीत, सेंट जॉर्जेसला उतरलो होतो. ते शहर देखणं आहे, बंदराभोवती चढावर रंगीत घरं वगैरे, त्याचे फोटो नेटवर हजार मिळतील. मला सांगायचंय ते ग्वावबद्दल. पश्चिम किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं छोटं गाव. तिथे दर शुक्रवारी संध्याकाळी फिश फ्रायडे असतो, म्हणजे गावातल्या अरुंद रस्त्यांवर स्टॉल लागतात आणि लोक रात्रीपर्यंत मासे खातात, पितात, नाचतात. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने सगळ्यात आधी वार मोजले. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार मासे बंद, ही घटना कॅनडात आल्यावरही बदललेली नाही. "शुक्रवार चालता," ती म्हणाली. वार पास झाला.

ग्वावचं स्पेलिंग बघून मी आठवडाभर गौयावे-गौयावे करत होतो. बस स्टँडवर कंडक्टरला विचारलं गौयावेची बस कुठली, तो पोरगा आधी गोंधळला, मग इतका हसला की मागच्या दोन बायकांनाही बोलावून माझ्याकडून परत म्हणवून घेतलं. ग्वाव! फ्रेंच लोकांनी ठेवलेलं नाव, अर्थ पेरू, पेरूची झाडं होती म्हणे खूप. नंतर इंग्रज आले, त्यांनी आपल्या राणीचं नाव देऊन शार्लट टाऊन केलं, पण लोकांनी ते कागदावरच ठेवलं. व्हीटीला आजही व्हीटीच म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

बस म्हणजे आपली वडाप. तीच चौकोनी व्हॅन, तीच माणसं कोंबायची पद्धत, सीटच्या मधल्या वाटेत घडी उघडून अजून एक सीट, त्यावर अजून एक माणूस, आणि गाणी अशी जोरात की छातीत वाजतात. ५ नंबरची व्हॅन त्या किनाऱ्याने जाते. फरक एकच, चढणारा प्रत्येक माणूस आत आला की सगळ्यांना मिळून गुड आफ्टरनून म्हणतो आणि सगळी व्हॅन उत्तर देते. न म्हणता बसलात तर उद्धट. मी पहिल्या दिवशी तसाच गप्प बसलो होतो आणि एका आजींनी माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतल्या बाई आठवल्या. आईला हा प्रकार फार आवडला. तिसऱ्या स्टॉपपर्यंत तीच येणाऱ्या-जाणाऱ्यांचं स्वागत करायला लागली. उतरायचं असेल तर बेल नाही, गाडीच्या पत्र्यावर ठोकायचं. एका बाजूला समुद्र, एका बाजूला डोंगर, वळणावर वळण, ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने समोरून येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्याला हात करत होता, आणि त्या रस्त्यावर त्याच्या ओळखीचा नसलेला कोणी नव्हताच. आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती पण मधेच डोळे उघडून गुड आफ्टरनून पण म्हणत होती.

गावात उतरलो आणि पहिल्यांदा वास आला. मासळीचा येईल असं धरून चाललो होतो, आला जायफळाचा. श्रीखंड करताना किसणीवर चिमूटभर किसतो ना, तो वास, पण अख्ख्या रस्त्याला. गावाच्या मधोमध जायफळाचं प्रोसेसिंग स्टेशन आहे, मोठी जुनी इमारत, थोडे पैसे घेऊन आतून फिरवतात. शेतकऱ्यांची सहकारी संस्था चालवते, १९४७ साली स्थापन झालेली. सहकारी म्हटल्यावर मी आपोआप चेअरमनचा फोटो शोधायला लागलो, सवय.

आत लाकडी फळ्यांवर ढिगाने जायफळं पसरलेली. सहा ते आठ आठवडे सुकवतात, मग कवच फोडतात, मग आतल्या बिया पाण्यात टाकतात. ज्या बुडतात त्या चांगल्या, भरीव, तेल असलेल्या. तरंगतात त्या दुय्यम, त्या वेगळ्या काढतात. आई इथे पहिल्यांदा गप्प झाली. पन्नास वर्षं जायफळ किसलंय पण पाण्यात टाकून बघायचं कधी सुचलं नाही. आता ती टोरंटोच्या इंडियन दुकानातून आणलेलं जायफळ पाण्यात टाकून बघणार होती. (बघितलं. तरंगलं. त्या दुकानाचं काही खरं नाही.)

दाखवणाऱ्या बाईंनी ताजं फळ फोडून दाखवलं. बाहेरून पिवळट, जर्दाळूसारखं, आत काळं चकचकीत कवच आणि त्यावर लालभडक जाळी, म्हणजे जायपत्री. सुकली की ती लाल राहत नाही, नारिंगी-पिवळी होते. फळाचा गर पण फुकट जात नाही, त्याचा जॅम करतात, सरबत करतात, आणि फोडलेली कवचं बागेतल्या वाटांवर टाकतात, चालताना पायाखाली कुरकुर वाजतात. मग त्या म्हणाल्या की रोप लावलं की सहा-सात वर्षं कळतच नाही की झाड नर आहे की मादी, फुलं आली की मगच समजतं, आणि फळं फक्त मादीला. हे मी आईला सांगेपर्यंत ती स्वतःच हसायला लागली होती. कुडाळच्या मामाने परसात एक जायफळ लावलं होतं, सात वर्षं पाणी, शेणखत, सावली, सगळे लाड केले आणि निघाला नर. मामी अजून त्या झाडाला मामाच्या नावाने हाक मारते. ही गोष्ट मी मोडक्यातोडक्या पद्धतीने इंग्रजीत सांगितली तर बाई तिथल्या पोत्यावर बसून हसल्या आणि आत निवड करणाऱ्या सगळ्या बायकांना जाऊन सांगितली.

मग थोडं वेगळं बोलणं झालं. मी विचारलं की एवढी मोठी जागा आणि माल त्या मानाने कमी का दिसतो, तर त्या म्हणाल्या आयव्हन. ७ सप्टेंबर २००४, चक्रीवादळ. एके काळी हा देश इंडोनेशियाच्या खालोखाल जायफळ पिकवायचा, आणि एका दिवसात बहुतेक झाडं आडवी. आणि झाड आडवं झालं की परत लावा, परत सहा-सात वर्षं थांबा, परत नर की मादी बघा. कित्येकांनी नादच सोडला. आई एवढं इंग्रजी बोलत नाही पण वादळ तिला बरोबर समजलं, तिने माझ्याकडे न बघताच त्या बाईंना सांगायला सुरुवात केली, मालवणीतच, तौक्ते, २०२१, आमच्या वाडीतले अकरा माड, हाताने दाखवलं कसे पडले ते, एक गोठ्यावर, एक विहिरीवर. बाई मान हलवत होत्या. मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि बायकोने मला चिमटा काढला.

बाहेर आलो तर एक मावशी टेबल टाकून मसाले विकत होत्या. लवंग, दालचिनी, तमालपत्र, जायफळाच्या आणि लवंगांच्या माळा, टुरिस्ट लोक गळ्यात घालतात, गुढीला घालायला छान होतील. आणि एका पिशवीवर लिहिलेलं, सॅफ्रन. आईला सॅफ्रन हा शब्द माहीत आहे कारण कॅनडात केशर त्याच नावाने घ्यावं लागतं. पाव किलोची पिशवी आणि किंमत अगदीच किरकोळ. ती माझ्या कानात म्हणाली, "चार घे, आणि काय बोला नको, तेका ठावक नाय दिसता." आम्ही अगदी चोरासारखे चार पिशव्या घेतल्या. हॉटेलवर येऊन उघडल्या तर हळद. ग्रेनेडात हळदीलाच सॅफ्रन म्हणतात. एक किलो हळद घेऊन आम्ही कॅनडाच्या कस्टम्ससमोर उभे होतो तो प्रसंग वेगळा कधीतरी.

जेवायला दुपारी ऑइल डाऊन मिळालं, इकडचं राष्ट्रीय जेवण. एका मोठ्या टोपात थर लावतात, नीरफणस, खारवलेला मासा किंवा मांस, पिठाचे गोळे, वर कालालूची पानं, आणि नारळाचं दूध नि ती हळद. मंद आचेवर दूध सगळं आटून तळाला तेल सुटेपर्यंत शिजवायचं, म्हणून ऑइल डाऊन. मराठी माणसाला यापेक्षा जास्त काय समजवायचं, आपल्या निम्म्या रेसिपी तेल सुटेपर्यंतवरच चालतात. आम्ही खारा मासा घातलेलं घेतलं. आईने चमचा घालून एकेक गोष्ट वर काढून ओळखली. नीरफणस. नारळ. हळद. पानं म्हणजे अळू, चक्क अळू, त्याच जातीचं. मग चमचा खाली ठेवून मला म्हणाली, "काय रे मेल्या, इतके पैशे घालून माका परत मालवणातच हाडलंस?"

आता नीरफणस इथला नव्हेच. पॅसिफिकमधल्या ताहितीहून कॅप्टन ब्लाय नावाच्या इंग्रजाने १७९३ मध्ये कॅरिबियनमध्ये रोपं आणली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालता यावं म्हणून. खारा मासा पण तसाच, उत्तर अटलांटिकमधून पिंपात भरून यायचा. मालकांनी काटकसर म्हणून आणलेल्या वस्तू, आणि त्या लोकांनी त्याचं असं काही केलं की आज देशाचं मुख्य जेवण झालंय. आणि आपले लोकही इथे आहेत बरं का. १ मे १८५७ ला मेडस्टोन नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन ग्रेनेडाच्या उत्तर टोकाला लागलं. तारीख बघा, मेरठला ठिणगी पडायच्या नऊ दिवस आधी. आपल्याकडे १ मे महाराष्ट्र दिन, यांच्याकडे भारतीयांच्या आगमनाचा दिवस. आता भाषा वगैरे काही उरलेली नाही पण रोटी उरलीय, कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळते, आत डाळ भरलेली पोळी, आईच्या शब्दात "गूळ विसारलेली पुरणपोळी", त्यात चिकनचा रस्सा गुंडाळून देतात.

चारच्या सुमाराला किनाऱ्यावर गेलो. वाळू काळपट, ज्वालामुखीच्या बेटांवर असते तशी, आणि तिथे रापण चालली होती! तिकडे अर्थात रापण म्हणत नाहीत पण दुसरं काय म्हणू. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकलेलं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून किनाऱ्यावरची माणसं ओढत होती, पोरंटोरं, म्हातारे, येणारे-जाणारे. मालवणला आता पर्ससीनवाल्यांनी (मोठ्या बोटींतून जाळ्याने मासे घेरून उचलणाऱ्यांनी) रापणवाल्यांचं काय करून ठेवलंय ते सांगायला बसलो तर हा ब्लॉग संपणार नाही. आईने पर्स बायकोच्या हातात दिली, साडी खोचली आणि दोर धरला. सत्तरीला टेकलेली बाई! पुढच्या पोराने मागे वळून बघितलं, साडी बघून जरा दचकला, मग म्हणाला ओके मम्मी. आई ओढताना "होय रे" अशी लय द्यायला लागली आणि कसं काय माहीत नाही पण तीन मिनिटांत मागचे दोघं-चौघं पण होय रे म्हणायला लागले.

जाळ्यात छोटे चंदेरी मासे आले, जॅक्स म्हणतात. आई म्हणाली बांगड्याचे भाऊबंद. रापण ओढली की वाटा मिळतो हा नियम तिकडेही निघाला, एका माणसाने प्लॅस्टिकच्या पिशवीत सात-आठ मासे घालून तिच्या हातात दिले. तो वयस्कर होता, टोपी घातलेला, विचारलं कुठले, मी म्हटलं इंडिया, तर लगेच, गावस्कर! १९७१ च्या दौऱ्यात गावस्करांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, पहिलीच मालिका होती त्यांची, ते या लोकांच्या अजून डोक्यातून गेलेलं नाही. आईने मला सांगितलं, "तेका सांग, गावस्कर मूळचो आमच्या वेंगुर्ल्याकडचो." मी सांगितलं. त्यांनी आईकडे असं बघितलं जणू त्या ७७४ मधल्या शंभर-दीडशे तिच्या आहेत. मग त्यांनी हिशोब बरोबरीत आणला, म्हणाले आमच्याकडे किराणी. किराणी जेम्स याच गावचा, १९ वर्षांचा असताना लंडनला २०१२ मध्ये ४०० मीटरचं सुवर्ण जिंकला, ४३.९४ सेकंद, देशाचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक. मग रिओला रौप्य, टोकियोला कांस्य. या एवढ्याशा गावातून. आईला मात्र इतकंच ऐकू गेलं की किराणी नावाचा कोणीतरी आहे, तिने विचारलं दुकान खंय त्येचां.

अंधार पडला तसे स्टॉल लागले. आम्ही गल्लीत शिरलो तर पहिल्याच स्टॉलवरची बाई हसून म्हणाली, गुड नाईट! आई जागीच थांबली. "बंद झाला वाटता," म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. तेवढ्यात पुढची बाई पण म्हणाली गुड नाईट, आणि तिसऱ्याने पण. मग कळलं की इकडे संध्याकाळी भेटल्यावर गुड नाईटच म्हणतात, नमस्कार म्हणून. त्यानंतर आईने सगळ्या गल्लीला गुड नाईट केलं आणि एकाही ठिकाणाहून हलली नाही.

काय काय होतं म्हणून सांगू. फॉइलमध्ये भाजलेला ट्यूना म्हणजे आपला कुपा, कोलंबी, लॉबस्टर, फिश केक, निखाऱ्यावर अख्खा भाजलेला नीरफणस, साल काळी आणि आत पावासारखा मऊ. बेक नावाचे तळलेले फुगीर प्रकार, नाव बेक पण असतात तळलेले, त्याला आईने न विचारता वडे हे नाव देऊन टाकलं आणि सागोती नाही म्हणून हळहळली. एका स्टॉलवर लांबी होती. मी म्हटलं घे, छान असते. काय असतं? शंख. म्हणजे शंखातला मासा, कोंक, इकडे त्याला लांबी म्हणतात. तिसऱ्या, कालवं, मुळे, खेकडे, समुद्राने बाहेर टाकलेलं काहीही आनंदाने खाणारी माझी आई दोन पावलं मागे सरली. "शंख? देवाक वाजवतत तो?" मी म्हटलं हा वेगळ्या जातीचा. "जात वेगळी आसली तरी शंखच मा," म्हणाली. बायकोने घेतली. आईने तिच्याकडे जेवण संपेपर्यंत जरा संशयानेच बघितलं.

आमच्या पिशवीतले जॅक्स एका स्टॉलवाल्या बाईंना दिले आणि तळून द्याल का विचारलं. त्यांनी साफ केले, मसाल्यात घोळवले. आईने पलीकडे जाऊन मसाल्याचा वास घेतला, लिंबू अजून पिळायला लावलं, चिरा किती खोल द्यायच्या ते सुरीने दाखवलं. मला वाटलं आता ती बाई चिडणार. चिडली नाही, पण सुरी परत घेतली आणि आपल्या मापानेच चिरा दिल्या. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, अगदी दोन जावा हसतात तसं. मासे मात्र, आई ऐकत नाहीये म्हणून लिहितो, त्यांच्याच पद्धतीने जास्त कुरकुरीत झाले होते.

वरून जायफळाचं आईस्क्रीम घेतलं, गोठवलेलं श्रीखंडच म्हणा, आणि मी रम पंच घेतला ज्यावर पण जायफळ किसलेलं होतं. रमबद्दल एकच सांगतो, या बेटावर उत्तरेला १७८५ पासूनची एक भट्टी अजून पाणचक्कीवर चालते आणि तिथली रम इतकी कडक असते की ती विमानात नेता येत नाही म्हणून पर्यटकांसाठी वेगळी, ६९ टक्क्यांची, काढतात. म्हणजे सौम्य. मी सौम्य चाखली होती आदल्या दिवशी, म्हणून पंचवर थांबलो. पलीकडे स्पीकरची भिंत उभी होती, सोका म्हणजे तिकडचं नाचायचं संगीत चालू, शेंगदाणे विकणारा माणूससुद्धा नाचत विकत होता.

आठ वाजले असतील. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली, पुढ्यात कागदी प्लेट, अर्धा कुपा, दोन जॅक्स, एक वडा. म्हणाली बाबांना फोन लाव, दाखवूया. व्हिडिओ कॉल लावला. बाबा उठलेलेच होते, पडवीत चहाचा कप घेऊन, मागे कोंबडा ओरडत होता आणि इकडे सोका, दोघांचं काही केल्या जुळत नव्हतं. आईने एक अक्षर न बोलता मोबाईल प्लेटवर धरला, मग जवळ नेला, मग कुप्याचा तुकडा मोडून त्याची वाफ दाखवली. बाबांचा कप हवेत थांबला.

"गे, आज शनवार!" बाबा ओरडले. "सकाळी सकाळी माका ह्यां कित्याक दाखवतंस?"

आईने काटा काढला, तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"तुमच्याकडे," ती म्हणाली. "हंय अजून शुक्रवारच आसा."